बेघरांचे उपाहारगृह आणि घरभाड्याचा प्रश्न

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिएटल शहरात, सातवा रस्ता आणि व्हर्जिनिया रस्ता जेथे एकमेकांस मिळतात त्या चौकात, २००७ साली एक उपाहारगृह आले. दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे तेथे जेवायला येत. गुरुवारची रात्र मात्र वेगळी असे. त्या रात्री शहरातील एखादा नाणावलेला आचारी पाहुणा म्हणून भटारखान्याचा ताबा घेई आणि मोबदला न घेता जेवण रांधून देई; वाढप्यांचे काम स्वयंसेवक करीत. पण मागे ओट्यापाशी कांदा चिरणारे, मासळी साफ करणारे, रस्सा आटवणारे हात असत ते अशा स्त्रीपुरुषांचे की ज्यांनी थोड्याच महिन्यांपूर्वीच्या रात्री रात्रनिवाऱ्यात, पुलाखाली किंवा मोडक्या मोटारीच्या मागल्या बाकावर काढल्या होत्या. जेवण आटोपत आले की शिक्षणक्रम पुरा केलेल्यांना भोजनगृहात बोलावले जाई, आणि जेवायला आलेली सुखवस्तू मंडळी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत.

त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या, यात शंका घेण्याचे कारण नाही. टाळ्या थांबल्यावर तो नवा आचारी झोपायला कोठे जात होता, हा आजचा विषय आहे.

या संस्थेचे नाव फेअरस्टार्ट. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ली नावाच्या एका आचाऱ्याने 'कॉमन मील्स' या नावाने रात्रनिवाऱ्यांना जेवण पुरवण्याचा धंदा सुरू केला. ज्यांच्यासाठी आपण रांधतो त्यांनाच रांधायला का शिकवू नये, असे त्याच्या ध्यानात आले आणि १९९२ साली या धंद्याचे नफा न कमावणाऱ्या संस्थेत रूपांतर झाले. फेअरस्टार्ट हे नाव नंतरचे. २०११ साली जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानाने, म्हणजे अमेरिकेतील पाकव्यवसायाचे सर्वांत मानाचे पुरस्कार देणाऱ्या संस्थेने, तिला मानवसेवेचा पुरस्कार दिला. त्याच धर्तीवर इतर शहरांत चाललेल्या भटारखान्यांना जोडणारे 'कॅटॅलिस्ट किचन्स' हे जाळेही याच संस्थेने उभे केले. वॉशिंग्टनमध्ये १९८९ साली रॉबर्ट एगर याने असाच एक मध्यवर्ती भटारखाना काढला. थोरल्या बुशच्या अध्यक्षपदग्रहणाच्या मेजवान्यांतून उरलेले अन्न हे त्याचे पहिले भांडवल. हनोईत १९९९ पासून रस्त्यावरच्या मुलांना हॉटेलचे काम शिकवणारी कोटो ही संस्था आहे. लंडनमध्ये २००२ साली जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध आचाऱ्याने बेकार तरुणांसाठी काढलेले 'फिफ्टीन' २०१९ मध्ये त्याच्या बाकीच्या उपाहारगृहांबरोबर बुडाले. यादी वाढवता येईल, पण एकच शहर नीट पाहिलेले बरे.

सिएटलचा शिक्षणक्रम १६ आठवड्यांचा असे. फी नाही. पहिल्या दिवसांत सुरी धरायची कशी, धार लावायची कशी, आणि ती हातात घेऊन दुसऱ्याच्या पाठीमागून जाताना मोठ्याने इशारा कसा द्यायचा हे शिकवायचे. कच्च्या मांसाची फळी भाजीला लावायची नाही, उरलेला रस्सा किती वेळात थंड झाला पाहिजे, हात किती वेळा धुवायचे, हे सारे पाठ करून घ्यायचे. कारण वॉशिंग्टन राज्यात अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मग हाडांचा अर्क, त्यावर उभी राहणारी निरनिराळी कालवणे, भट्टीचे काम, आणि मग घाऊक स्वयंपाक. रात्रनिवाऱ्यांना व शाळांना जाणारे जेवण याच भटारखान्यातून निघे, त्यामुळे शिकणाऱ्याच्या हातून वाया जाणारे फारसे काही नव्हते. यातच निजायच्या जागेची तजवीज, बसभाडे, कामाचे कपडे, दारू व अमली पदार्थ सुटावेत म्हणून मदत, आणि शेवटी नोकरीसाठी मुलाखत कशी द्यावी याचे धडे.

हे तपशील मुद्दाम सांगितले. अशा संस्थांचे नाव निघाले की 'भांडवलदारांचा दानधर्म' एवढे म्हणून विषय बंद करण्याची सवय चळवळीत काही जणांना आहे. ज्याने हिवाळ्याची एक रात्र फुटपाथवर काढली आहे तो असे म्हणणार नाही. सकाळी ठरलेल्या वेळी कुणीतरी वाट पाहत असणे, अंगावर स्वच्छ डगला असणे, हातात कसब येणे, ही माणसाला माणूस म्हणून उभी करणारी गोष्ट आहे. मजुरीवर जगणाऱ्याच्या दृष्टीने कसब म्हणजे थोडीशी का होईना, सौदा करण्याची ताकद. ती कोणी शिकवत असेल तर तिला हिणवण्यात कसलीही क्रांतिकारकता नाही.

अडचण आहे ती या शिक्षणामागे गृहीत धरलेल्या कारणमीमांसेत. शिक्षण हा उपाय, म्हणजे अज्ञान हा रोग. बेघर माणूस बेघर झाला तो त्याला काही येत नव्हते म्हणून, असे न बोलता बोलले जाते. वास्तवात रात्रनिवाऱ्यात येणाऱ्यांत कालपर्यंत नोकरी असलेले, आजही असलेले, पुष्कळ असतात. मुंबईच्या पदपथवासीयांची हकिगत याहून वेगळी नाही. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांच्या झोपड्या उठवण्याची मोहीम निघाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८५ च्या जुलैत ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल देताना न्यायालयाला मान्य करावे लागले की ही माणसे फुटपाथवर राहतात ती काम तेथून जवळ आहे म्हणून. तेथून हुसकणे म्हणजे रोजगार काढून घेणे. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. अर्थात, रीतसर नोटीस देऊन उठवण्याची मुभा महापालिकेला तरीही राहिलीच. त्या पदपथवासीयांना काम येत होते, ते रोज काम करीत होते. नव्हते ते घर.

सिएटलला घर का नव्हते हे कळण्यासाठी त्याच शहराची जमीन थोडी उकरावी लागेल.

१८५३ साली हेन्री येस्लर याने तेथे वाफेवर चालणारी लाकडाची गिरणी काढली. टेकडीवरचे ओंडके ज्या उतारावरून घसरत गिरणीत आणले जात त्या रस्त्याला स्किड रोड म्हणू लागले. त्याच्या आसपास लाकूडतोड्ये, खलाशी, मासळीच्या कारखान्यांतील हंगामी मजूर यांच्यासाठी स्वस्त भाड्याच्या खोल्यांची हॉटेले उठली. एक खाट, एक खिडकी, मजल्याला एक संडास. पुढे अमेरिकेतील प्रत्येक शहराच्या दरिद्री वस्तीला हेच नाव पडले, इतकी ती वस्ती प्रातिनिधिक होती. महामंदीत त्या खोल्यांचेही भाडे परवडेना, तेव्हा १९३१ साली बंदराजवळ बेकारांनी पत्र्याच्या व लाकडाच्या झोपड्या घातल्या. अध्यक्ष हूव्हरच्या नावाने तिला हूव्हरव्हिल म्हणत. १९३४ च्या एका पाहणीत तेथे ६३९ माणसे आढळली, त्यांत स्त्रिया अवघ्या ७. युद्धाच्या तयारीसाठी कारखाने धडधडू लागल्यावर, १९४१ साली, ती वस्ती उठवली गेली.

स्वस्त खोल्या मात्र उरल्या होत्या. १९७० च्या मार्चमध्ये ओझार्क नावाच्या अशाच एका हॉटेलला आग लागून सुमारे २० माणसे मेली. नगरपरिषदेने आगीपासून बचावाचे नियम कडक केले, पाण्याचे फवारे बसवणे सक्तीचे केले. नियम योग्यच होते. पण खर्च कोणी करायचा याचे उत्तर मालकांवर सोडले, आणि मालकांनी ते आपल्या पद्धतीने दिले: त्यांनी फवारे बसवण्याऐवजी हॉटेले बंद केली. हजारो खोल्या गेल्या. मुंबईच्या चाळींत आयुष्य काढलेल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. इमारत धोकादायक ठरते तेव्हा भाडेकरू बाहेर पडतो आणि जागा मालकाकडे राहते. मग रीगनच्या काळात संघराज्य सरकारने घरबांधणीच्या मदतीला कात्री लावली. ज्या दशकात हे घडले त्याच दशकाच्या अखेरीस बेघरांना जेवण पुरवणे हा सिएटलमध्ये एक धंदा होऊ शकला. एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर जी लेखमाला लिहिली तिचे सार असे की भांडवलशाही हा प्रश्न सोडवीत नाही, तो एका गल्लीतून उचलून दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवते. सिएटलमध्ये तो खोलीतून उचलून रस्त्यावर ठेवला गेला.

याच शहराने सार्वजनिक भटारखान्याचे आणखी एक रूप पूर्वी पाहिले आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वीचे असले तरी येथे सांगितले पाहिजे. १९१९ च्या जानेवारीत गोदीतील ३५,००० जहाजबांधणी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. ६ फेब्रुवारीला त्यांच्या पाठिंब्यासाठी शहरातील बाकीच्या संघटना उतरल्या आणि ६५,००० कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. उपाहारगृहे बंद, म्हणजे खोल्यांत एकटे राहणारे हजारो कामगार उपाशी. तेव्हा आचारी व वाढपी यांच्या संघटनांनी २१ ठिकाणी भोजनशाळा उघडल्या. पहिल्या दिवशी गोंधळ उडाला. भांडी अपुरी, जेवण शिजवलेल्या जागेहून वाढायच्या जागी पोचायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवसापासून घडी बसली आणि दिवसाला ३०,००० जेवणांपर्यंत मजल गेली. मांसाचा रस्सा, शेवया, पाव, कॉफी, आणि पोटभर. संघटित कामगाराला २५ सेंट, इतरांना ३५. लहान मुलांच्या दुधासाठी दूधगाड्यांच्या चालकांनी वेगळी ३५ केंद्रे चालवली. अ‍ॅना लुइस स्ट्राँग, ज्यांचे नाव पुढे सोव्हिएत संघ व चीनवरील लिखाणामुळे जुन्या कॉम्रेड्सना परिचित झाले, त्यांनी या संपाचा अधिकृत वृत्तान्त लिहिण्यात प्रमुख वाटा उचलला. शहरातील जपानी कामगारांच्या संघटनांनीही संपाला साथ दिली. त्यांच्या प्रतिनिधींना संपसमितीत बसायला जागा मिळाली, मताचा हक्क मिळाला नाही. तेही नोंदवून ठेवलेले बरे.

संप पाच-सहा दिवसांत मागे घ्यावा लागला. पण त्या भोजनशाळांत जेवणारा कोणाचा लाभार्थी नव्हता. जेवण त्याच्याच भावांनी रांधलेले होते, हिशेब त्याच्याच संघटनेकडे होता, आणि तोटा आला तो संघटनेने सोसला. सातव्या रस्त्यावरच्या उपाहारगृहात रांधणारा विद्यार्थी होता, १६ आठवड्यांनी निघून जाणारा, भटारखाना विश्वस्तांचा. भटारखाना कोणाचा, हा प्रश्न भारतातील वाचकांना नवा असता कामा नये, कारण त्याचे एक उत्तर त्यांनी कितीदा तरी समोर बसून चाखले आहे.

मुंबईत चर्चगेटला १९३६ साली पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी मंडळाने ही दुकाने देशभर काढली. पन्नाशीच्या मध्यावर कॉफी मंडळाने ती बंद करण्याचे ठरवले आणि फेटा बांधून कॉफी देणारे वाढपी, आचारी, भांडी घासणारे यांच्या हाती बडतर्फीचे कागद पडले. या कामगारांना कोणी कॉफी करायला शिकवायचे नव्हते. वीस वर्षे तेच करीत आलेले ते लोक होते. कॉ. ए. के. गोपालन यांनी त्यांच्यापुढे मार्ग ठेवला की मालकाकडे नोकरी परत मागत बसण्यापेक्षा कामगारांनीच सहकारी संस्था करून दुकाने चालवावीत. बंगळूरची संस्था १९ ऑगस्ट १९५७ ला झाली, दिल्लीचे कॉफी हाउस २७ ऑक्टोबर १९५७ ला उघडले, त्रिशूरचे ८ मार्च १९५८ ला. भोपाळ, जबलपूर, कोलकाता, तिरुवनंतपुरम या शहरांत राहणाऱ्या मराठी कॉम्रेड्सना पुढचे सांगायला नको. रस्त्यावर येऊ घातलेल्या कामगारांनी काढलेली ही उपाहारगृहे पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

मुंबईच्या गिरणगावात त्याचे आणखी एक रूप आहे. कुटुंब गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका स्वतः बहुधा कामगारांच्याच बायका किंवा विधवा. एका खोलीत स्टोव्ह, त्याच खोलीत संसार, आणि किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजाने. गिरण्यांच्या संपांत याच बायकांनी पगार थकलेल्या कामगारांना उधारीवर जेवू घातले. संप जेवणावर टिकतो हे नेत्यांच्या आठवणींत कमीच येते. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिले. एकमेकींना जामीन राहून बायकांनी ते फेडले. स्वयंपाक त्यांना येतच होता. सुटका हवी होती ती सावकारापासून.

या दोन्ही उदाहरणांनी हुरळून जाण्याचेही कारण नाही. बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावरचे कॉफी हाउस कामगारांच्या मालकीचे होते, पण ज्या इमारतीत होते ती नव्हे. २००९ साली त्यांना ती जागा सोडून चर्च स्ट्रीटला जावे लागले. गिरणगावात तर गिरण्याच गेल्या, जमिनी विकल्या गेल्या आणि खाणावळीत जेवणारा माणूसच उरला नाही. भटारखाना आपला झाला तरी खालची जमीन दुसऱ्याची राहते. सिएटलची गोष्ट येथेच पुन्हा हाती घ्यावी लागते.

सिएटलच्या किमान वेतनाचा हिशेब घेऊ. २०१४ च्या २ जूनला तेथील नगरपरिषदेने तासाला १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा मंजूर केला. त्यासाठी झटपट खाद्यपदार्थांच्या दुकानांतील कामगारांनी संप केले होते आणि परिषदेत त्या मागणीचा आवाज होता क्षमा सावंत यांचा. पुण्यात जन्मलेल्या व मुंबईत वाढलेल्या या बाई समाजवादी म्हणून उघडपणे निवडणूक लढवून २०१४ ते २०२३ अखेर त्या परिषदेवर होत्या. त्यांच्या पक्षाचा सैद्धांतिक पिंड वेगळा. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. हे वेतन दरवर्षी महागाईनुसार वाढते. १ जानेवारी २०२५ पासून ते तासाला २०.७६ डॉलर झाले. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे काम मिळाले असे धरले तर महिन्याला सुमारे ३,६०० डॉलर पडतात. भाड्यावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त खर्च होऊ नये असा अमेरिकेतील सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे १,०८० डॉलर. त्या शहरात साध्या बिऱ्हाडाचे भाडे यापेक्षा बरेच वर आहे, आणि शिवाय आधी अनामत भरायची, आधीच्या मालकाची शिफारस दाखवायची. भटारखान्यात ४० तास भरतीलच असेही नाही. गिऱ्हाईक कमी तर पाळी कमी. हिशेब करणाऱ्याला दिसेल की शिकून तयार झालेला, नोकरी लागलेला, वेळेवर कामावर जाणारा आचारीही कायद्याने बांधलेल्या वेतनावर आपल्या खोलीचे भाडे भरू शकत नाही.

हे भाडे असे चढले कशाने? मुख्यतः अ‍ॅमेझॉन या कंपनीने शहराच्या मध्यभागी मुख्यालय वाढवीत नेले, हजारोंनी गलेलठ्ठ पगाराचे नोकर आणले, आणि घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये महापौरांना बेघरांच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर करावी लागली. २०१८ च्या जानेवारीत किंग परगण्यात एका रात्री झालेल्या गणनेत १२,११२ माणसे बेघर आढळली. त्यांतील निम्म्याहून अधिक कोणत्याही छपराखाली नव्हती.

आता दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. २०१७ च्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉनने जाहीर केले की आपल्या इमारतींतील २५,००० चौरस फुटांहून अधिक जागा फेअरस्टार्टला पाच उपाहारगृहांसाठी देऊ, सामानसुमानही देऊ. दानाची जाहिरात झाली, आणि दान खरोखरच मोठे होते. २०१८ च्या मे महिन्यात नगरपरिषदेपुढे प्रस्ताव आला की वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांवर दर कामगारामागे कर बसवावा आणि त्यातून स्वस्त घरे बांधावीत व बेघरांच्या सोयी कराव्यात. आधीची मागणी माणशी ५०० डॉलरची होती. अ‍ॅमेझॉनने एका नव्या इमारतीच्या आराखड्याचे काम थांबवले आणि धमकी सगळ्यांना कळली. कर २७५ डॉलरवर आला. १४ मे रोजी तो ९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. वर्षाला सुमारे पावणेपाच कोटी डॉलर त्यातून मिळायचे होते.

मग अ‍ॅमेझॉन, स्टारबक्स व इतर बड्या मंडळींच्या पैशाने सार्वमतासाठी सह्या गोळा करण्याची मोहीम निघाली. घोषणा होती, 'रोजगारावर कर नको'. आणि येथे कामगार चळवळीने मान खाली घालावी असे काही घडले: इमारतींचे लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या कामगारांनी कराच्या बाजूने झालेल्या सभेत जाऊन कराविरुद्ध घोषणा दिल्या. इमारती थांबल्या तर आपले काम जाईल ही त्यांची भीती बनावट नव्हती. मालकाने कामगाराला कामगारापुढे उभे केले आणि समजावायला वेळेवर कोणी पोचले नाही. १२ जूनला, म्हणजे महिना भरायच्या आत, त्याच परिषदेने तो कर ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. विरोधात मत देणाऱ्या दोघी, क्षमा सावंत आणि तेरेसा मोस्केडा.

भटारखाना देणारा हात आणि घरांचा कर उलथवणारा हात एकच होता. यात ढोंग शोधण्याची गरज नाही. कंपनीच्या दृष्टीने दोन्ही सुसंगत आहेत. दान किती द्यायचे, कोणाला द्यायचे, कधी थांबवायचे हे देणारा ठरवतो; कर किती भरायचा हे दुसरे कोणी ठरवते. कंपनीचा झगडा रकमेसाठी कमी आणि ठरवण्याच्या अधिकारासाठी जास्त होता. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला अशा वेळी देणगीदाराविरुद्ध तोंड उघडणे अवघड जाते. हा कोणा व्यक्तीच्या धैर्याचा प्रश्न नाही. १९१९ च्या भोजनशाळांना ती अडचण नव्हती, कारण त्यांची जागा, सामान आणि हिशेब कोणा गोदीमालकाचे नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये महामारी आली. सातव्या रस्त्यावरचे भोजनगृह बंद झाले आणि तेथले भटारखाने रात्रनिवाऱ्यांसाठी व अडकून पडलेल्यांसाठी डबे तयार करू लागले. म्हणजे ज्या कामापासून ली याने सुरुवात केली होती तेथेच संस्था परत आली. त्याच वर्षी जुलैमध्ये मोस्केडा यांनी मांडलेला मोठ्या कंपन्यांवरील नवा वेतनकर मंजूर झाला. या वेळी संघटनांशी आधी बोलणी झाली होती, बांधकाम कामगारांना घरबांधणीतून काम मिळेल हे आधी समजावले गेले होते, आणि कर माणशी न ठेवता दीड लाख डॉलरहून अधिक पगारांवर ठेवला होता. तो टिकला. त्यातला मोठा हिस्सा घरांसाठी राखलेला होता. पुढे अंदाजपत्रकाची तूट भरण्यासाठी त्यातले पुष्कळ वळवले गेले, ही गोष्ट वेगळी.

२०२३ च्या फेब्रुवारीत मतदारांनी थेट कौल देऊन शहराच्या मालकीची घरे बांधणारी एक सार्वजनिक संस्था स्थापन केली. तिच्या १३ जणांच्या मंडळावर सुरुवातीचे ७ जण भाडेकरूंच्या आयोगाने नेमायचे होते. पैसा मात्र तिला दिलेला नव्हता. तो २०२५ च्या फेब्रुवारीत मिळाला: वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक मोबदला घेणाऱ्यांच्या त्या वरच्या रकमेवर ५ टक्के कर, आणि तो कंपनीने भरायचा. विरोधी मोहिमेला अ‍ॅमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. मतदारांनी करालाच कौल दिला. या संस्थेच्या घरात राहणाऱ्याकडून उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त भाडे घ्यायचे नाही, असा तिचा नियम आहे. २०२५ च्या किमान वेतनावरच्या आचाऱ्याच्या बाबतीत ती रक्कम १,०८० डॉलर होत होती.